सुईचे टोक आणि त्याखालचा स्नायू: सौंदर्योपचारातील इंजेक्शनांना शरीररचनेचा आधार

चेहऱ्यावरील सुरकुत्या कमी करण्यासाठी बोट्युलिनम टॉक्सिन टोचण्याची पद्धत आता तीन दशकांहून जुनी झाली आहे. या औषधाला त्याच्या एका व्यापारी नावावरून सरसकट ‘बोटॉक्स’ म्हटले जाते. त्याच्याविषयी आजवर झालेल्या लिखाणाचा मोठा भाग मात्रा, परिणामाचा कालावधी आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या उत्पादनांची तुलना यांतच खर्ची पडला आहे. प्रत्यक्षात उपचार साधला की बिघडला हे मात्र बहुतांशी दुसऱ्याच गोष्टीवर ठरते. सुईचे टोक जेथे थांबले तेथे नेमका कोणता स्नायू होता, त्याचे तंतू कोणत्या दिशेने जात होते, तो हाडालगत होता की त्वचेलगत, आणि त्याच्या शेजारी कोणता स्नायू होता, हे प्रश्न औषधाच्या निवडीपेक्षा अधिक निर्णायक आहेत. शरीररचनाशास्त्र या प्रश्नांची उत्तरे कोठे ठामपणे देते, कोठे अंदाजाने देते आणि कोठे देऊ शकत नाही, याचा येथे आढावा घेतला आहे.

शरीरातील बहुतेक ऐच्छिक स्नायू एका हाडापासून निघून सांधा ओलांडून दुसऱ्या हाडाला जोडलेले असतात. चेहऱ्यावरील भावदर्शक स्नायूंची गोष्ट वेगळी आहे, कारण ते हाडापासून किंवा एखाद्या तंतुमय पडद्यापासून निघतात आणि थेट त्वचेत जाऊन संपतात. ते आकुंचन पावले की सांधा हलत नाही, तर त्वचाच ओढली जाते आणि तिला घडी पडते. ही घडी स्नायूच्या तंतूंशी काटकोनात पडते, आणि या साध्या नियमावर सगळी उपचारपद्धती उभी आहे. कपाळाचा स्नायू उभा असल्यामुळे त्याच्या आठ्या आडव्या पडतात, तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी स्नायूचे तंतू वर्तुळाकार वळत असल्यामुळे तेथील सुरकुत्या किरणांसारख्या बाहेर पसरतात. हे सर्व स्नायू गर्भावस्थेत दुसऱ्या ग्रसनी-कमानीपासून तयार होतात आणि मेंदूतून निघणाऱ्या कर्पर चेतांच्या १२ जोड्यांपैकी सातव्या चेतेच्या, म्हणजे फेशियल नर्व्हच्या, ताब्यात असतात. वरची पापणी उचलणारा स्नायू तिसऱ्या चेतेच्या आणि अन्न चावणारा मॅसेटर पाचव्या चेतेच्या अधिकारात येतो. इंजेक्शनाच्या दृष्टीने हे दोन अपवाद महत्त्वाचे आहेत, आणि पुढे ते पुन्हा येतील.

या ज्ञानाची पायाभरणी सौंदर्योपचारांच्या कितीतरी आधी झाली. फ्रेंच चेतातज्ज्ञ गियोम द्युशेन यांनी एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन तो एकटा आकुंचन पावल्यास चेहरा कसा दिसतो याची छायाचित्रे घेतली आणि १८६२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. भुवया जवळ ओढणाऱ्या स्नायूला त्यांनी वेदनेचा स्नायू मानले आणि कपाळाच्या स्नायूला अवधानाचा. १९७८ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या हालचालींची जी सांकेतिक वर्गवारी तयार केली तिच्या मुळाशी हीच परंपरा आहे. विषाचा इतिहास मात्र स्वतंत्रपणे चालत आला. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गमध्ये बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास केले आणि हेच विष कधी तरी औषध म्हणून वापरता येईल अशी शक्यताही वर्तवली. बेल्जियममधील १८९५ च्या एका विषबाधेनंतर एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी हे विष अत्यल्प प्रमाणात डोळ्यांच्या स्नायूंत टोचून तिरळेपणावर उपाय शोधला. पुढे व्हँकूव्हरमधील जीन आणि अॅलेस्टर कॅरदर्स या दांपत्याच्या लक्षात आले की पापण्या अनिच्छेने मिटण्याच्या विकारावर हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधील आठ्याही जातात. जीन नेत्रतज्ज्ञ आणि अॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ असल्यामुळे या निरीक्षणाचा अर्थ त्यांना चटकन कळला, आणि १९९२ मध्ये त्यांचा पहिला निबंध आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधील आठ्यांसाठी २००२ मध्ये, डोळ्यांच्या कोपऱ्यांसाठी २०१३ मध्ये, कपाळासाठी २०१७ मध्ये आणि मानेवरील पट्ट्यांसाठी २०२४ मध्ये मान्यता दिली.

औषध काम कसे करते हे समजले की रचनेचे महत्त्व आपोआप स्पष्ट होते. स्नायूला आकुंचनाचा आदेश चेतेच्या टोकातून सुटणाऱ्या अॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत मिळतो. बोट्युलिनम टॉक्सिन चेतेच्या टोकात शिरून हे रसायन बाहेर सोडण्यासाठी लागणारे एक प्रथिन तोडते आणि आदेश पोहोचेनासा होतो. परिणाम दोन-चार दिवसांत दिसू लागतो, सुमारे दोन आठवड्यांनी पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. औषधाला स्नायू ओळखता येत नाही, ज्या चेता-स्नायू संधी त्याच्या आवाक्यात येतील त्या सर्व ते बंद करते. टोचलेल्या जागेपासून त्याचा प्रभाव साधारण एक सेंटिमीटरच्या परिघात पसरतो, आणि द्रावण पातळ असेल किंवा जास्त आकारमानात टोचले असेल तर परीघ वाढतो. चेहऱ्यावर एक सेंटिमीटर म्हणजे पुष्कळ वेळा दोन परस्परविरोधी स्नायूंमधले सगळे अंतर असते.

भुवयांच्या मधला भाग याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, म्हणून तो जवळून पाहणे योग्य ठरेल. येथे मुख्य काम कॉरुगेटर या जोडस्नायूचे असते. तो भुवईच्या आतल्या टोकापाशी ललाटास्थीच्या उंचवट्यावरून निघतो, वर आणि बाहेर तिरका जातो आणि भुवईच्या मध्याच्या आसपास त्वचेत मिसळतो. शवविच्छेदनातील मोजमापांनुसार त्याचे बाहेरचे टोक मध्यरेषेपासून सरासरी सुमारे ४३ मिलिमीटरपर्यंत पोहोचते, म्हणजे जुन्या पाठ्यपुस्तकांतील आकृत्या दाखवतात त्यापेक्षा बरेच दूर. याचा व्यावहारिक अर्थ असा की आतल्या बाजूला हा स्नायू हाडाला चिकटून, कपाळाच्या स्नायूच्या खाली असतो आणि तेथे सुई खोल न्यावी लागते, पण बाहेर जाता जाता तो वर येतो आणि तेथे तीच खोली चुकीची ठरते. दोन्ही भुवयांच्या मधोमध प्रोसेरस हा छोटा स्नायू नाकाच्या हाडापासून वर येतो आणि नाकाच्या मुळाशी आडवी घडी पाडतो. मान्यताप्राप्त माहितीपत्रकात या सर्व भागासाठी पाच ठिकाणी प्रत्येकी ४ युनिट, असे एकूण २० युनिट सांगितले आहेत. कॉरुगेटरच्या बाहेरच्या बिंदूंसाठी डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेपासून किमान एक सेंटिमीटर वर राहण्याची सूचनाही त्यात आहे.

ती सूचना कशासाठी आहे हे रचना माहीत असल्याशिवाय कळत नाही. खोबणीच्या वरच्या कडेच्या आत, एका पातळ पडद्यापलीकडे, पापणी उचलणारा लिव्हेटर स्नायू असतो. औषध त्या कडेजवळ टोचले गेले किंवा मोठ्या आकारमानात दिले गेले, तर ते पडद्यातून आत झिरपते आणि पापणी उतरते. माहितीपत्रकातील चाचण्यांत सुमारे ३ टक्के लोकांत हा परिणाम नोंदवला गेला. औषधाचा प्रभाव उलटवता येत नसल्यामुळे रुग्णाला काही आठवडे तसेच काढावे लागतात. अॅप्राक्लोनिडिनचे थेंब दिल्यास पापणी एक-दोन मिलिमीटर उचलली जाते, आणि त्यामागेही रचनाच आहे, कारण पापणीत लिव्हेटरच्या मागे म्युलरचा स्नायू नावाचा अनैच्छिक स्नायू असतो. त्याचा आदेश वेगळ्या चेतासंस्थेकडून येत असल्याने विषाने तो निकामी झालेला नसतो.

कपाळाच्या फ्रॉन्टॅलिस स्नायूचे वैशिष्ट्य असे की तो हाडाला कोठेही जोडलेला नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भुवई वर उचलणारा तो एकमेव स्नायू आहे. भुवई खाली ओढणारे स्नायू मात्र अनेक आहेत. त्यामुळे कपाळ गुळगुळीत करण्याच्या नादात फ्रॉन्टॅलिस पूर्ण निष्क्रिय केला तर खाली ओढणाऱ्यांना विरोध उरत नाही आणि भुवया बसतात. कपाळावर ५ ठिकाणी २० युनिट देताना भुवयांमधील भागावरही बरोबरीने उपचार करावा असे माहितीपत्रक सांगते ते याच कारणाने. स्नायूचा खालचा भाग भुवई वर ओढतो, तर वरचा भाग केसांची रेषा खाली आणतो, हे अलीकडच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे, आणि भुवईच्या लगत वरचा पट्टा न टोचता सोडण्याच्या रिवाजाला त्यातून आधार मिळाला. मध्यभागी दोन्ही बाजूंचे तंतू काही लोकांत वरपर्यंत जुळलेले असतात, तर काहींत त्यांच्यामध्ये स्नायूविरहित त्रिकोण असतो. तेथे टोचलेले औषध वाया जाते. उलट बाहेरच्या बाजूचे तंतू दुर्लक्षित राहिले तर भुवईचे शेपूट वर चढते आणि चेहऱ्यावर कायमचे आश्चर्य उमटते. वयस्कर माणसांत आणखी एक धोका असतो. पापणीची त्वचा सैल होऊन डोळ्यावर आली की ती व्यक्ती नकळत दिवसभर कपाळ उचलून पाहत असते. तिच्या कपाळावरच्या आठ्या खरे तर दृष्टीसाठी चाललेल्या धडपडीच्या असतात, आणि त्या काढल्या की तिला नीट दिसेनासे होते. अशा माणसाला डोळे मिटायला सांगून, कपाळ पूर्ण सैल होऊ देऊन, मग पापण्या कोठे थांबतात हे पाहण्याची तपासणी एका मिनिटात होते. ती न करता सुई उचलणे हा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल.

डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस स्नायू त्वचेच्या अगदी लगत असतो, म्हणून कोपऱ्यातील सुरकुत्यांसाठी सुई वरच्या थरातच ठेवायची असते. मान्य मात्रा दोन्ही बाजूंना मिळून २४ युनिट आहे. येथील चूक सहसा खाली घसरण्याची असते. गालाच्या हाडावरून तोंडाच्या कोपऱ्याकडे जाणारा झायगोमॅटिकस मेजर, म्हणजे हसू वर ओढणारा मुख्य स्नायू, थोड्याच अंतरावर सुरू होतो आणि त्याला औषध लागले की हसू वाकडे होते. द्युशेन यांनी मनापासूनच्या हसण्याची खूण म्हणून या दोन स्नायूंची जोडीच सांगितली होती, तेव्हा डोळ्याभोवतीच्या सगळ्याच हालचाली पुसून टाकणे चेहऱ्यासाठी हिताचे नाही.

कपाळापासून डोळ्यांपर्यंत स्नायू मोजके आणि बरेचसे सुटे आहेत, म्हणून तेथे रचनेचे मार्गदर्शन भक्कम ठरते. तोंडाभोवती ही स्थिती उरत नाही. तोंडाच्या कोपऱ्याबाहेर सुमारे एक सेंटिमीटरवर मोडिओलस नावाची गाठ असते आणि त्या एका गाठीत कितीतरी स्नायूंचे तंतू गुंफलेले असतात. ओठाचा कोपरा खाली ओढणारा त्रिकोणी स्नायू आणि खालचा ओठ खाली ओढणारा स्नायू आतल्या बाजूला एकावर एक असतात, त्यामुळे पहिल्यासाठीची सुई थोडी आत सरकली तर बोलताना आणि हसताना खालचा ओठ एका बाजूला सरळ राहतो. हनुवटीवरचा मेंटॅलिस खालच्या ओठाला आधार देतो आणि तो फार दुबळा झाला तर ओठ नीट मिटत नाहीत. हसताना हिरड्या अधिक दिसणाऱ्यांसाठी सोलमधील योन्से विद्यापीठाच्या संशोधकांनी वरचा ओठ उचलणारे तीन स्नायू जेथे एकत्र येतात तो बिंदू निश्चित केला. तो ‘योन्से बिंदू’ म्हणूनच ओळखला जातो आणि शवविच्छेदनातून थेट उपचाराकडे गेलेल्या संशोधनाचे ते उत्तम उदाहरण आहे. ओठांभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूत मात्रा अगदी कमी ठेवावी लागते, आणि सनई किंवा बासरी वाजवणाऱ्यांनी हा उपचार टाळणेच बरे, कारण त्यांची कला याच तंतूंच्या बारीक नियंत्रणावर अवलंबून असते.

जबड्याच्या कोनावरील मॅसेटर हा भावदर्शक स्नायू नसून चावण्याचा स्नायू आहे. चौकोनी जबडा निमुळता करण्यासाठी किंवा दात खाण्याच्या सवयीवर त्यात टोचण्याची पद्धत पूर्व आशियात, विशेषतः कोरियात, रुजली. वारंवार आकुंचनाअभावी स्नायू रोडावतो आणि चेहऱ्याची रूपरेषा बदलते. बऱ्याच काळापर्यंत तो एकसंध गोळा आहे असे समजून कोठेही खोल टोचले जाई. काही रुग्णांत मात्र चावताना गालावर अचानक एक फुगवटा उठू लागला आणि त्याचा उलगडा योन्से येथील विच्छेदनांतून झाला. मॅसेटरच्या वरच्या थराच्या आतच एक तंतुमय पडदा असतो, जो औषधाला एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाऊ देत नाही. खोलवरचे तंतू निष्क्रिय झाले आणि वरचे तसेच राहिले की सगळा भार वरच्या तंतूंवर येतो आणि तेच फुगून दिसतात. म्हणून आता स्नायूच्या दोन्ही खोलींवर औषध पोहोचवण्याचा सल्ला दिला जातो, तसेच स्नायूच्या पुढच्या कडेपासून दूर राहण्याचा, कारण तेथे तोंडाचा कोपरा बाजूला ओढणारा रिसोरियस असतो. दीर्घकाळ चावण्याचा ताण कमी झाल्याने जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो हा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि केवळ रूपासाठी वर्षानुवर्षे हा उपचार घेणाऱ्यांना तो स्पष्टपणे सांगितला गेला पाहिजे.

मानेवरील प्लॅटिस्मा हा पातळ पत्र्यासारखा स्नायू आहे आणि त्याच्या उभ्या पट्ट्यांत सुई वरवरच ठेवायची असते, कारण त्याखालीच गिळण्याची यंत्रणा आहे.

या सर्व वर्णनांतून एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. पुस्तकांत आणि कार्यशाळांत दाखवले जाणारे बिंदूंचे नकाशे सरासरी चेहऱ्याचे असतात, आणि सरासरी चेहरा कोणाचाच नसतो. रिसोरियस काही लोकांत असतच नाही. झायगोमॅटिकस मेजर एका अभ्यासात सुमारे एक तृतीयांश चेहऱ्यांत दुभागलेला आढळला आणि गालावरच्या खळीचा संबंध या दुभागण्याशी जोडला जातो. पुरुषांत स्नायूंचे वस्तुमान अधिक असल्याने मात्राही अधिक लागते. शिवाय या मोजमापांचा मोठा भाग कोरिया, अमेरिका आणि युरोपातील शवांवरचा आहे, आणि भारतीय चेहऱ्यांवर ती जशीच्या तशी लागू करणे धाडसाचे आहे. चेतांचे सूक्ष्म जाळे पारदर्शक केलेल्या स्नायूत रंगवून दाखवणाऱ्या सिलर पद्धतीने चेता-स्नायू संधींची दाटी कोठे आहे हे कळू लागले, त्यामुळे कमी बिंदूंत आणि कमी औषधात काम भागवण्याची शक्यता वाढली. तरीही मृत शरीरातील स्नायू आकुंचन पावत नाही, आणि हा अभाव भरून काढायचा तर जिवंत चेहरा हलताना पाहणे हाच मार्ग उरतो. रुग्णाला भुवया आवळायला, उचलायला, जोरात डोळे मिटायला आणि हसायला सांगून स्नायूच्या कडा बोटाने चाचपाव्या लागतात. नकाशा कोठून सुरुवात करायची हे सांगतो, सुई कोठे थांबवायची हे त्या हालचालीवरून ठरते.

टॉक्सिनची चूक काही महिन्यांत विरते, परंतु त्वचेखाली भर घालणाऱ्या फिलरची चूक विरेलच असे नाही. येथे स्नायूंइतकीच रक्तवाहिन्यांची रचना महत्त्वाची ठरते. भुवयांच्या मधल्या आणि नाकावरच्या लहान धमन्या डोळ्याच्या मुख्य धमनीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक अशा धमनीत शिरले आणि दाबाने द्रव्य सोडले गेले तर ते रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने आत जाते आणि दाब कमी होताच पुढे सरकून दृष्टिपटलाची धमनी बंद करते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातील वैद्यकीय साहित्यातून अशी दृष्टी गमावल्याची ९८ प्रकरणे गोळा केली गेली, आणि त्यांत भुवयांमधील भाग, नाक, नाकापासून ओठांपर्यंतची घडी आणि कपाळ या जागा अग्रभागी होत्या. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर विरघळवणारे विकर उपलब्ध असले तरी डोळ्यापर्यंत पोहोचलेल्या अडथळ्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. धमन्यांचा मार्ग माणसागणिक बदलतो, त्यामुळे रचनेचे ज्ञान धोका कमी करते, पण तो नाहीसा करत नाही. अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने धमनी आणि स्नायूचा थर टोचण्यापूर्वी पाहण्याची पद्धत यामुळेच वाढत आहे आणि ती वाढायलाच हवी.

हे सारे ज्ञान विच्छेदनमेजावरून आलेले आहे आणि ते तेथेच शिकले जाते. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयांना विच्छेदनासाठी शव मिळण्याची व्यवस्था १९४९ च्या शरीररचना अधिनियमाने केली, आणि आज देहदान करणाऱ्या कुटुंबांमुळे ती टिकून आहे. पदवीच्या पहिल्या वर्षात मात्र विद्यार्थी चेहऱ्याचे स्नायू घाईने उलगडतो आणि पुढे इंजेक्शन हाती घेईपर्यंत बहुधा त्यांच्याकडे पुन्हा वळत नाही. एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेत बिंदूंचा नकाशा पाठ करून प्रमाणपत्र मिळवता येते, आणि ही स्थिती बदलणे आवश्यक आहे. सौंदर्योपचाराचे कोणतेही प्रशिक्षण चेहऱ्याच्या प्रत्यक्ष विच्छेदनाशिवाय पूर्ण मानले जाऊ नये, असा नियम वैद्यक परिषदांनी आणि व्यावसायिक संघटनांनी करावा. उपचार घेणाऱ्यांनीही आपल्या चेहऱ्याची हालचाल तपासल्याशिवाय, कोणत्या स्नायूत आणि किती औषध टोचले जाणार हे समजावून सांगितल्याशिवाय आणि काही बिघडल्यास तेथे काय सोय आहे हे विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये.